दिवसाची झोप

या वर्षीचा आश्विन मी खाटेवर काढला. ताप आला, उतरला, पुन्हा आला. रक्त तपासले तेव्हा पेशी कमी निघाल्या आणि मुलगा मिलिंद मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. आमच्या भागात या महिन्याची ओळख आता अशीच झाली आहे. कापूस फुटू लागतो, सोयाबीनच्या गंजी लागतात, मळणीयंत्राची धूळ हवेत तरंगते आणि त्याच धुळीतून ग्रामपंचायतीचा माणूस खांद्यावर यंत्र घेऊन पांढरा धूर सोडत जातो. हमरस्त्यावरच्या फळगाड्यांवर किवी दिसू लागते. एरवी ते फळ आमच्या वडीगोद्रीत कोणी विचारत नाही. ते दिसले की समजावे, गावात ताप आहे.

पूर्वी मला हा महिना आवडे. मी कालव्यावर नोकरीला होतो. आश्विनात पाऊस सरलेला असे आणि रब्बीचे पाणी सुटायला अवकाश असे. कालवा कोरडा पडे. आम्ही त्याच्या तळातून चालत जात असू. कुठे अस्तर उखडले, कुठे झाड मुळे घालून बसले, कोणत्या दरवाजाला वंगण हवे, हे शांतपणे पाहता येई. वाहत्या कालव्याला काही विचारता येत नाही. तो कोरडा असतानाच बोलतो.

वॉर्डात पडल्या पडल्या मला या वर्षीच्या तापापेक्षा काही वर्षांमागचा आश्विन अधिक जाणवत राहिला. त्या वर्षी मी आजारी नव्हतो. माझी सून संगीता याच वॉर्डात सिस्टर होती आणि मी घरी ओसरीत खुर्ची टाकून तिची झोप राखत होतो.

झोप राखणे हे काम म्हणावे की नाही, मला ठाऊक नाही. कालवा राखला तर पगार मिळे. रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी येई, अंघोळ करी, दोन घास खाई आणि आतल्या खोलीत आडवी होई. नेमका तेव्हा बाकीच्यांचा दिवस उगवलेला असे. पिठाची गिरणी सुरू होई. ट्रकांचे भोंगे, भंगारवाला, बोअरची मोटर. माझी पत्नी शांता कुकर लावीत नसे. शिट्टी होते म्हणून डाळ पातेल्यात शिजवी. रात्रीच्या झोपेला सारे गाव हातभार लावते. दिवे मालवतात, आवाज खाली येतात, कुत्रे भुंकले तर कोणीतरी त्याच्यावर खेकसते. दिवसाच्या झोपेला कोणाचाही हातभार नसतो. लोक तिला झोप मानतच नाहीत, आळस मानतात. आणि झोपणारी सून असेल तर आळसाच्याही पलीकडचे काही मानतात.

शिवाय त्या महिन्यात घरोघरी ताप होता आणि सलाईनने ताकद येते ही आमच्या गावाची पक्की समजूत आहे. लोक औषधाच्या दुकानातून बाटली विकत घेत आणि थेट आमच्या घरी येत. त्यांच्या दृष्टीने सुई टोचणे म्हणजे पाणी पाजण्यासारखे काम होते, आणि सिस्टर गावातलीच होती.

काशिनाथ हा शेजारचा शेतकरी. एके दुपारी तो पिशवीत बाटली घेऊन उभा राहिला.

“सिस्टर हायेत का, बापू?”

“आहे.”

“मंग उठवा की जरा.”

“झोपली आहे.”

“इतक्या उन्हाचं?” त्याने आत डोकावून पाहिले. “तब्येत बराबर न्हाई का त्यांची?”

“तू रात्री घोरत होतास तेव्हा ती उभी होती.”

“आता मी घोरतो हे तुमाला कोणी सांगितलं?” तो हसत पायरीवर बसला. “दोन मिन्टाचं काम हाय, बापू. बाटली माझी, खर्चा माझा. त्यांनी फकस्त सुई लावायची. बायको गळून गेली पार. मी काय खोटं सांगून राह्यलो का?”

“दवाखान्यात ने.”

“तिथं ही गर्दी! पाय ठेवायला जागा न्हाई.”

“त्याच गर्दीतून ती आली आहे.”

 उठताना तो म्हणाला, “कॅनॉलवर होते तवा बी असंच करत होते तुम्ही. पाणी समोरून चाललंय आन् आमाला म्हणत, पाळी आली की बघू.” तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या बायकोला मिलिंदने संध्याकाळी दवाखान्यात नेले. ती बरी झाली. काशिनाथ मात्र दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

ध्वनिक्षेपकांचे प्रकरण निराळेच होते. आमच्या विहारात वर्षावासाचे वाचन चालू होते आणि पलीकडच्या गल्लीत नवरात्र बसले होते. दोन्हीकडचे कर्णे आमच्या घरावर रोखलेले. मी आधी विहारात गेलो. स्वतःच्या माणसांना आधी बोलावे, असा माझा नियम आहे. त्यांनी कर्ण्याचे तोंड शेताकडे वळवले. मग मंडळात गेलो. तिथला अध्यक्ष कधीकाळी माझ्या मिलिंदबरोबर शाळेत होता.

“काका, तुमच्यासाठी काय बी,” तो म्हणाला. “दिवसा बिलकुल लावत न्हाई. पण एक काम करा. माझ्या आईची साखर वाढलीय. सिस्टर उठल्या की जरा पाठवून द्या.”

“मग कर्णा लाव,” मी म्हणालो.

त्याने लावला नाही. एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

संगीता फारसे बोलत नसे. वॉर्डातल्या गोष्टी ती जेवताना तुकड्या-तुकड्याने सांगे, तेही शांताने विचारले तर. एका खाटेवर दोघे, खाटांमध्ये सतरंज्या, सतरंज्यांवर आणखी लोक. सलाईन अडकवायला स्टँड उरले नाहीत म्हणून खिडकीच्या गजांना पट्टी बांधून बाटल्या टांगलेल्या. रात्रीला साऱ्या वॉर्डाला एक सिस्टर. कोणाचा नातेवाईक अंगावर धावून येई, कोणाचा पाया पडे. दोन्हींचा तिला सारखाच त्रास होई.

एकदा मी विचारले, “पाय दुखतात का?”

“पायाचं काही न्हाई, मामा,” ती म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते. “तिघं एकदम हाक मारतात. आधी कोणाकडं जायचं ते मला ठरवावं लागतं. ज्याच्याकडं गेले न्हाई तो बघत राहतो. घरी येऊन डोळे मिटले की तोच दिसतो.”

 नोकरीत मीही पाण्याच्या पाळ्या ठरवत असे. ज्याला पाणी मिळाले नाही त्याचे पीक वाळे, आणि तो मला शिव्या देई. शिव्या ऐकून झोप लागते. नुसते बघत राहणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे मला कधी शिकावे लागले नाही.

कालव्याला कोरडा महिना असतो, हे मी वर लिहिले. तो आम्ही दयेपोटी देत नसू. सतत भरून वाहणारा कालवा फुटतो, आणि फुटतो तेव्हा ज्याच्या शेतात फुटला त्याचा काही दोष नसतो. हे शासनाला कालव्याच्या बाबतीत समजते. माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट समजायला इतका वेळ का लागतो, यावर मी त्या महिन्यात ओसरीत बसून पुष्कळ विचार केला. विचाराने काही झाले नाही. रजेचे अर्ज परत येत राहिले, कारण तिच्या जागी उभे राहायला कोणी नव्हते.

यंदा मिलिंदबरोबर तीही मला वॉर्डात पोहोचवायला आली तेव्हा काही वेळ आत थांबली होती. वॉर्डाला रंग नवा होता. खाटा तेवढ्याच होत्या. सकाळच्या पाळीला रूपाली नावाची सिस्टर होती. माहेर पिंपळगाव रेणुकाईचे, वय संगीतापेक्षा पुष्कळ कमी. संगीताने नोकरी सोडल्यावर बऱ्याच काळाने तिची जागा भरली, ती हिने. रूपालीने माझ्या हाताला सुई लावली. एका फटक्यात लागली. संगीता खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पाहत होती, एका शब्दानेही मध्ये न पडता. इतक्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ओकारी येते म्हणून हाक मारली, “सिस्टर!”

दोघी वळल्या.

संगीताचे पाऊल पुढे पडलेही. मग ती थबकली आणि रूपाली भांडे घेऊन धावली. संगीता माझ्याजवळ स्टुलावर बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. दुसऱ्या दिवसापासून डबा मिलिंद आणू लागला. 

तिने नोकरी सोडली ती कशी, हे आता लिहिले पाहिजे.

संध्याकाळची वेळ होती. ती रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होती, साडी नेसून झाली होती. शांताची रक्तदाबाची गोळी रोज तीच देई. त्या दिवशी ती एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन शांतासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “नाव सांगा.”

औषध देण्यापूर्वी रुग्णाला त्याचे नाव विचारायचे, ही त्यांची शिस्त. शांताला गंमत वाटली.

“घ्या! सासूचं नाव इसरली का गं?”

“पूर्ण नाव सांगा.”

“शांताबाई, कॅनॉलवाल्या बापूची बायको. झालं समाधान?” शांता हसत होती. मी वर्तमानपत्र खाली ठेवले, कारण संगीता हसत नव्हती. ती शांताकडे पाहत होती, पण शांताला पाहत नव्हती. डोळे उघडे होते आणि त्यांत आमच्यापैकी कोणी नव्हते.

“खाट कोणती?” तिने विचारले.

मग शांताचेही हसणे थांबले. तिने संगीताच्या हातातला पेला काढून घेतला. पेला गेला तशी संगीताने इकडेतिकडे पाहिले, भिंत पाहिली, मला पाहिले, आणि उंबऱ्यावर खाली बसली.

“आत्याबाई, मला खरंच कळलं न्हाई तुम्ही कोण ते,” ती म्हणाली. “मी तिथंच होते.”

“होतं गं असं. झोप न्हाई तुला.”

“आज नाव तर विचारलं मी. एक दिवस न विचारताच देईन.” तिने गोळी मुठीत घट्ट धरली होती. “मला सोडायचंय, मामा. कोणाच्या तरी जिवाचं बरंवाईट होण्याआधी सोडायचंय.”

त्या संध्याकाळी मिलिंदने फोन करून ती येणार नाही असे कळवले. पलीकडून काय बोलले गेले ते मी ऐकले नाही. त्याचा चेहरा पाहिला.

दोन-चार दिवसांनी आष्टीहून तिचे वडील आले. संपतराव माझे इवाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. त्यांनी मुलीला शिकवले ते कसे, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारण्याइतका उथळ नव्हतो. त्यांच्या वस्तीतली ती पहिली सिस्टर. ती पांढऱ्या कपड्यांत पहिल्यांदा गावी गेली तेव्हा ज्यांच्या शेतात ते राबले त्यांनी तिला खुर्ची दिली, ही गोष्ट ते दर भेटीत सांगत. त्या दिवशी सांगितली नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

“इवाई, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकती ती.”

“तुम्ही बाप आहात.”

“बापाचं ऐकायचं वय गेलं. सरकारी नोकरी कोणी सोडतं का? लोकं पाय धरून राह्यले तरी मिळत न्हाई. उद्या लोक इचारतील, काय केलं हो तुमच्या पोरीनं, काढलं का तिला?”

मिलिंद मध्येच म्हणाला, “सोडायची काय गरज आहे? लांब रजा घे. बरं वाटलं की जा परत.” जालन्याच्या कारखान्यात तोही पाळ्या करतो. तो निर्दय नाही. भीती वाटली की माणूस मधला मार्ग सुचवतो.

संगीता दाराशी उभी होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. घरात माझा शब्द चालतो तो मी कमी बोलतो म्हणून. मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. ज्या खुर्चीसाठी संपतरावांनी पाठ वाकवली, तिच्यावरून त्यांची मुलगी स्वतः उठत होती.

मी संगीताला एकच विचारले, “रजेने भागेल?”

 खोटे उत्तर देणे तिला सोयीचे झाले असते.

“न्हाई, मामा.”

“मग सोड.”

संपतरावांनी टोपी डोक्यावर घातली. “तुमाला काय,” ते मला म्हणाले, “तुमची पेन्शन चालू हाय.” चहा त्यांनी पूर्ण प्यायला, कप बाजूला ठेवला आणि गेले. आता ते येतात, बोलतात, पुढे झालेल्या नातवाला खाऊ आणतात. पण खुर्चीची गोष्ट त्यांनी नंतर कधी सांगितली नाही.

नोकरी सुटल्यावर पहिले काही महिने संगीता झोपली. दिवसा, रात्री, बसल्या जागी. मग हमरस्त्यावर झेरॉक्सचे दुकान टाकले. ते बरे चालते. ती शांताला आता ‘नाव सांगा’ म्हणून चिडवते आणि शांता तिला. गावातले काही लोक अजून म्हणतात, घरच्यांनी सोडायला लावली. काही म्हणतात, झेपली नाही. “झेपली नाही” हे शब्द मला फार अस्वस्थ करतात. ओझे किती होते हे न विचारता हमालाला नावे ठेवण्याची ही रीत आहे. मी उत्तर देत नाही. दिले तर फार द्यावे लागेल.

खाटेवर पडून मी रूपालीला पाहत असे. दिवसपाळीनंतर तिला रात्रपाळी लागली. तिचा चालण्याचा वेग, हाक आली की आधी खांदे उचलून मग वळणे, पाण्याची बाटली उघडायची आणि न पिताच ठेवून द्यायची. हे सारे माझ्या ओळखीचे होते. मला बरे वाटत होते ते तिच्यामुळे. तिला पाहून जे वाटत होते त्याला बरे म्हणता येणार नाही.

मला घरी सोडणार होते त्या सकाळी ती माझी सुई काढायला आली. तिची पाळी संपली होती, पण पुढची सिस्टर आलेली नव्हती.

“बाबा, एक विचारू का?” कापूस दाबून धरत ती म्हणाली. “संगीता सिस्टरनी सोडलं तवा घरात कोणी आडवं आलं न्हाई का? इथं सगळ्या बोलतात त्यांच्याबद्दल.”

“काय बोलतात?”

“की सोडता येतं.” ती हसली, आणि लगेच दाराकडे पाहिले. “आमच्या घरी विषय काढायची सोय न्हाई. सासरे म्हणतात, सरकारी खुर्चीला लाथ मारणारी सून आमाला नको. खुर्ची कुठंय इथं, बाबा? तुम्ही बघितली का?”

 तिने लावलेल्या सलाईनवर मी उठून बसलो होतो. पुढच्या आश्विनात मी पुन्हा इथे येईन, किंवा शांता येईल, किंवा काशिनाथ. ही गेली तर कोण असेल, याचा हिशोब माझ्या डोक्यात तिच्या प्रश्नाच्या उत्तराआधी तयार झाला. मला त्याची लाज वाटली नाही, पण चैनही पडले नाही.

“सासरे कधी भेटतील?” मी विचारले.

“आता न्यायला येतील की. गेटवर. तुम्ही काय करता भेटून?” पलीकडून हाक आली आणि ती गेली.

संगीता मला न्यायला आली होती. वॉर्डात आली नाही, फाटकाशी उभी होती. बाहेर लिंबाखाली बाक आहे. मी त्यावर बसलो.

“चला मामा, ऊन व्हायलंय.”

“थांब. रूपालीच्या सासऱ्यांना भेटायचे आहे.”

तिला सगळे समजले. ती माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “ती गेली तर इथं कोण राहील, मामा?”

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिच्याइतका कोणाला नव्हता. तिने तो माझ्यावर रोखला नव्हता. स्वतःवरच रोखला होता, कदाचित रोज रोखत असेल.   वॉर्ड राखायचा तर रूपाली तिथे हवी, आणि रूपाली राखायची तर तिला तिथून बाहेर काढायला हवे. हे दोन्ही ज्यांनी जुळवायचे ते कोणत्या खोलीत बसतात, मला ठाऊक नाही. मला फक्त एक सासरा गाठता येणार होता.

मोटारसायकल आली. माझ्याहून थोडे लहान, उन्हाने रापलेले गृहस्थ, गळ्यात उपरणे. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि वॉर्डाच्या दाराकडे पाहत उभे राहिले. मी उठलो. 

“रामराम,” ते म्हणाले. “कोण म्हणायचं आपण?”

“मी संगीता सिस्टरचा सासरा. तुमच्या सुनेने माझी सेवा केली.”

ते सुखावले. “चांगली हाय पोरगी. रातची ड्युटी करून घरी आली का लगीच स्वयंपाकाला लागती. कधी कुरकुर न्हाई.”

“दिवसा झोपते का तुमच्याकडे?”

त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नाही असे वाटले, म्हणून मी तो पुन्हा विचारला.

“दिवसा?” ते हसले. “दिवसा कोण झोपतं, हो?”

मी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. “बसा,” मी म्हणालो. “तिला यायला वेळ आहे.”